एका चुलीवर जेवणारी माणसं

१२ नोव्हेंबर

राग आला आहे आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून वही उघडली.

आज घोटीच्या पुढच्या एका गावात फेरतपासणीला गेले होते. आमच्या अभ्यासात जिल्ह्यातली चोवीसशे घरं आहेत. वर्षभरात घरात कोण आजारी पडलं, कुठे दाखवलं, पदरचं काय गेलं, सरकारी विमा योजनेचा उपयोग झाला का, असे प्रश्न. मुली फॉर्म भरतात आणि दहातल्या एका घरी मी स्वतः जाऊन ते ताडून बघते. आजचं घर सहादूंचं. फॉर्म वेदिकाने भरलेला, नीट अक्षरात. माणसं तीन : सहादू, बायको कुसाबाई, म्हातारी आई भागीबाई. आजारी कोणी नाही. खर्च काही नाही. रेशनकार्ड आहे. योजनेत नाव लागतं ते रेशनकार्डावरूनच, म्हणून पुढचा रकाना : विमा आहे.

अंगणात भाताची झोडणी चालली होती. मला खुर्ची दिली. चहा घेऊन एक मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. चुलीपासून माझ्यापर्यंत दहा पावलं. त्यात ती दोनदा थांबली. कप माझ्या हातात दिला तेव्हा डोंगर चढून आल्यासारखी धापत होती. ओठ जांभळट.

"ही कोण?"

"पूजा. लेक हाय आमची," कुसाबाई म्हणाली.

"हिचं नाव नाही फॉर्मात."

"लगीन झालेली लेक घरात कशी धरायची? ती निफाडची हाय. पाहुणी."

"कधी आली?"

"शिमग्याला."

आठ महिन्यांची पाहुणी. भाकरी थापते, चहा करते, आणि कुठल्याच घरात नाही. तिच्या हृदयाची झडप खराब आहे. सिव्हिलचे कागद तिने स्वतः पिशवीतून काढून दाखवले, क्रमाने लावलेले. झडप बदलायला हवी, तारीख लांबवू नये, ऑपरेशन योजनेत होतं, रेशनकार्ड आणावे. खाली डॉक्टरची सही. ती सही मे महिन्यातली.

परतताना गाडीत वेदिकाला बोलले. चांगलंच बोलले. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मॅडम, मी विचारलं होतं, एका चुलीवर जेवणारी माणसं किती. त्यांनी तीन सांगितली. व्याख्या तुमचीच आहे."

आहेच. नऊ वर्षांपूर्वी मी लिहिली होती. कुटुंब म्हणजे गेले सहा महिने एका चुलीवर जेवणारी माणसं. रक्त नाही, सातबारा नाही, फक्त चूल. किती अभिमान वाटला होता मला त्या वाक्याचा.

१५ नोव्हेंबर

निफाडला जाऊन आले. पूजाचं सासर. द्राक्षाची बाग सुंदर आहे, घोस नुकते धरलेले. सासू अक्काबाई ओसरीवर मजुरांचा चहा ओतत होती.

मी सरळ विचारलं, चार वर्षं झाली लग्नाला, सुनेचं नाव कार्डावर का नाही?

"लेकरू झालं की दोघांचं एकदमच चढवू म्हटलं. तहसीलला दोन दोन खेपा कोण घालील? समदे असंच करत्यात, ताई. गावात कुणालाबी विचारा."

"माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला सहादूंनी तुम्हाला दिला होता ना?"

"असंल पेटीत. आता बागेच्या गडबडीत कोण शोधील?" मग आवाज उतरवून म्हणाली, "दोनदा राहिलं, दोनदा गेलं तिचं. आमचं काय नशीब हे तुम्हीच बघा."

म्हणजे असं : मूल नाही म्हणून कार्डावर नाव नाही. हृदय धड नाही म्हणून मूल नाही. कार्डावर नाव नाही म्हणून हृदयाचं ऑपरेशन नाही. हे सगळं एका बाईने चहा ओतता ओतता मला सांगितलं आणि कप पुढे केला. मी घेतला नाही. एवढंच काय ते केलं मी.

नवरा सोमनाथ द्राक्षाच्या ओळीत उभा होता, हात निळे झालेले फवारणीने. आई आत गेल्यावर जवळ आला.

"झोप लागते का तिला? उताणं झोपता येत नव्हतं. मी तीन उशा लावून द्यायचो."

उशा. माणूस मरायला टेकलं आहे आणि हा उशा मोजतो. दाखला शोधून पाठवा म्हटलं. "आईला विचारून सांगतो," म्हणाला. असल्या पुरुषांचा मला पूर्वीपासून तिटकारा आहे. एक मी सात वर्षं सहन केला.

२० नोव्हेंबर

ऑफिसात मयुरेशशी भांडले. तो आमचा संचालक, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, हुशार, कधी आवाज चढवत नाही. त्यामुळे आणखी चीड येते.

मी म्हटलं, प्रश्नावलीत एक प्रश्न वाढव : या घरातून लग्न होऊन गेलेली किंवा या घरात लग्न होऊन आलेली कोणी बाई आजारी असून सध्या दुसरीकडे आहे का?

"ताई, दोन तृतीयांश घरं झाली. आता प्रश्न बदलला तर आधीचं सगळं वाया."

"आणि न बदलता जे येईल ते काय?"

"ते तुलनेला चालतं." मग जरा हसून, "तुमचीच व्याख्या आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकवतो. आता तुम्हीच ती मोडणार?"

पडद्यावर त्याच्या अहवालाचा पहिला आलेख होता. विमा असलेली घरं : शंभरातली एक्क्याण्णव. घराला विमा आहे. घरातल्या बाईला आहे का, हे आम्ही विचारलंच नाही. घर आजारी पडत नाही, मयुरेश, असं म्हणून बाहेर आले. दार आपटलं. चाळिशी उलटलेल्या बाईने दार आपटू नये म्हणतात. आपटल्यावर बरं वाटलं.

शेवटी इतकं कबूल केलं त्याने : घोटीकडच्या साठ घरांत मी हा प्रश्न वेगळ्या कागदावर विचारू शकते. स्वतःच्या वेळात.

३ डिसेंबर

साठातली चाळीस घरं झाली. सहा बाया सापडल्या. मूत्रपिंड, फिट्स, एकीला नुसता "अशक्तपणा", जो मला अशक्तपणा वाटला नाही. सगळ्या पाहुण्या.

पूजाकडे चार वेळा जाणं झालं. माझी वाट बघते ती, मला कळतं. गाडीचा आवाज आला की अंगणात येऊन उभी असते आणि दम बसायच्या आत विचारते, "ताई, निफाडहून काही निरोप?" नाही म्हटलं की मान हलवते आणि आत जाते. आज मी तिला स्पष्ट सांगितलं, त्या माणसाची आशा सोड. ज्याला चार वर्षांत एक फॉर्म भरता आला नाही त्याच्यावर स्वतःचा जीव टांगू नकोस. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बागेला आता विरळणी असंल. माणसं मिळत नाहीत." मन दुसरीकडे वळवावं लागतं बिचारीला.

सोमनाथला सहा फोन केले. दोनदा उचलला. "शोधतोय ताई. पेटीची किल्ली आईकडं हे."

९ डिसेंबर

इगतपुरी तहसील. पुरवठ्याच्या टेबलावरचा कारकून वाईट नव्हता, हेच वाईट. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"माहेरच्या कार्डावर परत चढवायचं तर आधीचा दाखला लागतो, मॅडम. इथून कमी झालंय, निफाडला चढलं की नाही आम्हाला काय माहीत? दोन्हीकडे नाव नको."

"निफाडला चढवलेलं नाही."

"मग निफाडवाल्यांनी तसं लिहून द्यावं."

"ते देत नाहीत. तोवर मुलगी मरेल."

त्याने पेनाचं टोपण लावलं. "एक करा. नवऱ्यापासून वेगळी राहते, कायमची माहेरी आलीय, परत जाणार नाही, असं प्रतिज्ञापत्र आणा. त्यावर होतं."

इतकं सोपं! मी एक महिना पेटीच्या किल्लीमागे घालवला.

११ डिसेंबर

सहादू नाही म्हणतात. मी समजत होते, सासर हीच एक भिंत आहे.

"कार्डावर चढली म्हंजी लेक माघारी आली. गावात काय सांगू? आता कसं, आजारी हाय म्हणून आली म्हणतो. बरी झाली की जाईल म्हणतो."

"बरी कशी होईल ती?"

"ते बी खरं," म्हणाले. कुसाबाई पदर तोंडाला लावून. मी बरंच बोलले, आवाज चढवून बोलले, परक्याच्या घरात. कुणी मला थांबवलं नाही, कुणी हललंही नाही.

मग कोपऱ्यातून भागीबाई बोलली. नव्वदीची असेल, मला वाटत होतं तिला ऐकू येत नाही. "सहाद्या, पोरगी मेली तर कंच्या कार्डावरनं कमी करशील रं तिला? मेल्यावर कमी कराया तरी आधी चढीव."

सहादू उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने गाडीपाशी येऊन म्हणाले, "कधी जायचं तहसीलला?"

१६ डिसेंबर

झालं. तहसीलबाहेर टायपिंगवाला बसतो, त्याला मी मजकूर सांगितला. त्याचा ठरलेला मजकूर होता, पण गुळमुळीत. 'काही कारणास्तव माहेरी राहत आहे.' यावर कारकून पुन्हा फाटे फोडेल. मी म्हटलं, नीट लिहा : 'मी माझ्या स्वखुशीने पतीचे घर कायमचे सोडले असून माझा त्यांच्याशी कोणताही संबंध उरलेला नाही व भविष्यात परत नांदायला जाण्याची माझी इच्छा नाही.' स्पष्ट, एका वाक्यात. वाक्यं चांगली लिहिते मी.

पूजाने कागद वाचला. दहावी शिकलेली आहे. पुन्हा वाचला.

"ताई, हे असंच लिहावं लागतं का?"

"कागदापुरतं आहे गं."

"स्वखुशीने?"

"तो त्यांचा शब्द आहे. सरकारी."

खरं तर त्यांचा नव्हता तो शब्द, माझा होता, पण हे समजावत बसायला वेळ नव्हता, कार्यालय पाचला बंद होतं. तिने पेन बराच वेळ धरून ठेवलं. दम अजून बसला नव्हता, वरच्या टेबलापर्यंत दोन जिने चढून आली होती. मी खांद्यावर हात ठेवला. तिने सही केली.

घरी आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. "तिला विचारलंस का, तिला काय हवंय?"

"विचारलं ना. सही केली तिने."

आईने भाजीची पुढची जुडी ओढली. माझं नाव सासरच्या कार्डावरून कमी झालं त्या दिवशी मी घरी जिलेबी आणली होती, ते आई विसरली असावी. मी नाही विसरले. मोकळं होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

२९ डिसेंबर

पूजाला सिव्हिलला दाखल करावं लागलं. पायावर सूज, रात्रभर बसून काढते. कार्ड अजून 'प्रक्रियेत'. कारकुनाला रोज फोन. त्याने आज उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "हो मॅडम, हो."

१० जानेवारी

कार्डावर नाव चढलं. अनुक्रमांक चार, नातं मुलगी. पडद्यावर ते दिसलं तेव्हा मला रडू आलं, तहसीलच्या रांगेत. एका ओळीसाठी आठ महिने आणि सिव्हिलमधले ते मरता मरता वाचलेले दिवस. मागच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का तुमचं? मी म्हटलं, नाही, आलं.

२३ जानेवारी

आज ऑपरेशन. नाशिकमधलंच, योजनेतलं रुग्णालय. सकाळी आठला आत नेलं. कुसाबाई आणि सहादू वर बाकावर. मी खाली चहाला उतरले तर काउंटरपाशी सोमनाथ उभा. हातात कापडी पिशवी.

"भेटता येईल का?"

माझं रक्त तापलं. इतके महिने हा माणूस पेटीची किल्ली मागू शकला नाही आणि आज, सगळं इतरांनी केल्यावर, पिशवी घेऊन आला. मी म्हटलं, "आता कशाला आलात?"

"कागद सापडला. दाखला." खिशातून काढून दाखवला, घडी पडलेला. "आई बहिणीकडं गेली तवा कुलूप तोडलं."

"उशीर झाला. आता गरज नाही त्याची."

तो तिथेच उभा. "तिला नुसतं सांगा, मी आलोय."

माझ्या फाइलीत प्रतिज्ञापत्राची प्रत होती. मी ती त्याच्यापुढे धरली. "वाचा. तिने काय लिहून दिलंय बघा." त्याने वाचलं. तोंडातल्या तोंडात, एकेक शब्द. मोबाइलवर फोटो काढू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, खुशाल काढा. मग पिशवी बाकावर ठेवून गेला. आत उशी होती. खोळ नवीन.

ऑपरेशन चार तास चाललं. झडप बसली. डॉक्टर म्हणाले, छान झालं. सहादू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पूजाला सोमनाथचं सांगितलं नाही. तिला आता धक्का नको. उशी वॉर्डातल्या मावशींना दिली. कुणाच्यातरी कामी येईल.

२७ फेब्रुवारी

अहवालाचा मसुदा आला. शंभरातली एक्क्याण्णव घरं, मुखपृष्ठाच्या आतल्याच पानावर, हिरव्या रंगात. माझ्या साठ घरांतल्या नऊ बाया तळटिपेत. पान अडुसष्ट. अक्षर इतकं बारीक की चष्मा लावून वाचलं. 'काही विवाहित स्त्रियांची नोंद राहून गेली असण्याची शक्यता आहे.' राहून गेली! रुमाल राहतो, छत्री राहते.

मयुरेशकडे गेले. त्याने शांतपणे ऐकलं. "तळटीप तरी आहे ना, ताई. आणि एक करू. तुमच्या त्या पूजाची गोष्ट चौकटीत घेऊ. यशोगाथा. फोटो मिळेल?"

मला आधी संताप आला. मग वाटलं, येऊ दे चौकटीत. निदान एकीचं नाव ठळक अक्षरात येईल. तिची परवानगी घ्यायला जायला हवं. खरं तर तिला बघायला जायचं आहे. महिना झाला.

१३ मार्च, निफाड

गाडीत बसून लिहिते आहे. दुपारचे साडेतीन.

सकाळी घोटीला गेले होते, चौकटीचा मजकूर घेऊन, कॅमेरा घेऊन. पेढे घेऊन. पूजा अंगणात नव्हती. आत बसली होती, मांडीवर कागद. वकिलाची नोटीस. घटस्फोट. कारण : पत्नीने स्वखुशीने घर सोडले. सोबत प्रतिज्ञापत्राची प्रत, मोबाइलवर काढलेली, कोपऱ्यात माझा अंगठा आला आहे.

तिने एका ओळीवर बोट ठेवलं. वाचा म्हणाली. 'दि. २३ जानेवारी रोजी माझे अशील पत्नीस भेटण्यासाठी रुग्णालयात गेले असता सोबतच्या महिलेने भेट नाकारली.'

"आले होते ते?"

मी हो म्हटलं.

"आणि तुम्ही हे दाखवलं?"

"पूजा, मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं!" ती उठून उभी राहिली. "दर खेपेला इचारत व्हते ना मी, निरोप हाय का, निरोप हाय का? कशासाठी इचारत व्हते? बरी होऊन घरी जायचं व्हतं मला! माझ्या घरी! झडप बसली तर लेकरू व्हईल म्हनून एवढं फाडून घेतलं मी. तुम्ही म्हनला कागदापुरतं. कुनाच्या कागदापुरतं? सासूनं मला लिहिलं नाय, बापानं मला लिहिलं नाय, आन् तुम्ही लिहिलं ते असलं लिहिलं! माझ्या सहीच्या वर बसून माझ्या घराला कुलूप लावलं तुम्ही!"

कुसाबाई "पोरी, दम धर, दम लागंल" म्हणत धावत आली. लागला नाही. पूजा एका श्वासात एवढं सगळं बोलली, आणि अजून बोलत होती, शेजारची माणसं दारात आली तरी. मी पहिल्यांदा तिचा खरा आवाज ऐकत होते. पेढ्यांचा पुडा हातातच.

मग ती म्हणाली, "चला निफाडला. आत्ता."

"मी बोलते सोमनाथशी. मी त्यांना समजावून..."

"तुम्ही काय समजावू नका. मी बोलंन. तुम्हाला इचारलं तर एवढंच सांगायचं, ते वाक्य कुनाचं. दुसरं एक अक्षर नाय."

दीड-दोन तासांच्या वाटेत ती पुढच्या सीटवर बसली होती. निफाडच्या अलीकडे एकदा काच खाली केली आणि द्राक्षं काढून रिकाम्या झालेल्या बागा बघत राहिली.

आता ती आत आहे. मला बाहेर थांबायला सांगितलं आहे. अक्काबाईचा आवाज आधी चढला होता, तो बंद झाला. सोमनाथचा येतच नाही. येतो आहे तो तिचाच, सलग, एवढ्या लांबवर. शब्द कळत नाहीत. ओसरीवर मजूर चहाचे कप हातात धरून उभे आहेत, कुणी पीत नाही.

दार उघडलं. सोमनाथ बाहेर आला आहे. हाताने मला आत बोलावतो आहे.